कोरड्या भिंतीतले पाणी : जिप्सम बोर्डाचा इतिहास

१/ पुण्या-मुंबईतल्या एखाद्या नव्या कचेरीत गेलात तर आतल्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून पाहा. विटेच्या भिंतीचा भरीव आवाज न येता पोकळ आवाज आला, तर ती बहुधा जिप्सम बोर्डाची भिंत समजावी. अमेरिकेत तिला ‘ड्रायवॉल’, म्हणजे कोरडी भिंत, असे नाव आहे. गंमत अशी की आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशा एका बोर्डात सुमारे पाच लिटर पाणी असते. मग कोरडी हे नाव का पडले? ते पाणी दडले आहे कुठे? आणि हा बोर्ड निवडताना व बसवताना पाळायचे बहुतेक नियम पाण्याभोवतीच का फिरतात? त्याचा हा इतिहास. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ आधी थोडे रसायन, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही. जिप्सम हे निसर्गात विपुल सापडणारे मऊ खनिज. ते म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात. वजनाने पाहिले तर जिप्समचा सुमारे २१ टक्के भाग पाणीच आहे. हे पाणी ओलाव्यासारखे हाताला लागत नाही. ते स्फटिकाच्या रचनेतच गुंतलेले असते, म्हणून त्याला स्फटिकजल म्हणतात. जिप्सम साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजला की त्यातले तीन-चतुर्थांश पाणी निघून जाते आणि उरते पांढरी भुकटी, आपली ओळखीची पीओपी. या भुकटीत पाणी कालवले की ती गमावलेले पाणी पुन्हा पोटात घेते, सुईसारखे स्फटिक तयार होऊन एकमेकांत अडकतात आणि काही मिनिटांत पुन्हा दगड होतो. साच्यातून बाहेर पडलेली पीओपीची गणेशमूर्ती ही अशी पुन्हा जिप्सम झालेली असते. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतो. विसर्जनानंतरही मूर्ती तळाशी का राहते, याचे उत्तर इथेच आहे.

३/ हे ज्ञान फार जुने. गिझाच्या पिरॅमिडांतील दगडांमध्ये भरलेला मसाला जिप्समचाच आहे. पण या भुकटीला ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ हे नाव मिळाले ते पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवरच्या खाणींमुळे. (याच खाणींतील जिप्सममध्ये सापडलेल्या हाडांवरून जॉर्ज क्युव्हिए याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नामशेष सस्तन प्राण्यांचा अभ्यास केला. पण ती गोष्ट वेगळ्या धाग्याची.) १६६६ साली लंडन जळून खाक झाले. त्या धसक्याने पुढच्याच वर्षी, १६६७ मध्ये, चौदाव्या लुईच्या राजवटीत पॅरिसमधील लाकडी चौकटीची घरे गिलाव्याने झाकण्याचा हुकूम निघाला. गिलावा आग थोपवतो हे अनुभवाने ठाऊक होते. का थोपवतो, हे मात्र कोणाला सांगता आले नसते.

४/ त्या ‘का’चा पहिला धागा हाती लागला तो एका २१ वर्षांच्या तरुणाला. १७६५ साली अंत्वान लाव्हाझिए याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आपला पहिला शोधनिबंध वाचला. विषय होता जिप्सम. त्याने जिप्सम भाजून निघणारे पाणी गोळा केले, त्याचे वजन केले आणि दाखवले की भुकटी घट्ट होते ती हेच गेलेले पाणी परत घेऊन. पुढे ज्याला आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हटले गेले, त्याची तराजू हाती धरण्याची सवय भिंतीच्या गिलाव्यावर जडली, ही गोष्ट मला फार आवडते. मे १७९४ मध्ये क्रांतीच्या गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला. बरोबर शंभर वर्षांनी, मे १८९४ मध्ये, अमेरिकेत जिप्समच्या एका नव्या वस्तूला पेटंट मिळाले. हा निव्वळ योगायोग. पण आपली गोष्ट आता तिकडेच वळते.

५/ त्या काळी अमेरिकेत घराची आतली भिंत कशी करत? लाकडाच्या उभ्या खांबांवर लाकडाच्याच अरुंद पट्ट्या आडव्या ठोकत. दोन पट्ट्यांमध्ये बोटभरापेक्षा कमी फट ठेवत. त्यावर चुना, वाळू आणि जनावरांचे केस यांचा गिलावा दाबून लिंपत. गिलाव्याचा काही भाग फटींतून मागे जाऊन गाठीसारखा लोंबे, आणि वाळल्यावर त्या गाठीच गिलाव्याला पट्ट्यांवर धरून ठेवत. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीचे तत्त्व याहून फार वेगळे नाही. केसांचे काम भेगा अडवण्याचे. आपल्या वाड्यांच्या चुन्यात ताग घालत तो त्याचसाठी.

६/ गिलाव्याचे थर तीन. पहिला खडबडीत; त्यावर दुसऱ्या थराने पकड घ्यावी म्हणून ओला असतानाच ओरखडे काढत. दुसऱ्याने भिंत ओळंब्यात आणत. तिसरा पातळ व गुळगुळीत. प्रत्येक थर वाळल्याशिवाय पुढचा देता येत नसे, आणि चुना सावकाश, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत कठीण होतो. एका घरात शेकडो लिटर पाणी भिंतीतून आत जाई आणि ते सगळे हवेत उडून जाईपर्यंत सुतार, रंगारी, घरमालक सारे ताटकळत. थंडीत तर शेगड्या पेटवून घर सुकवावे लागे. या पद्धतीत खर्च साहित्याचा होता, कारागिरांच्या मजुरीचा होता. पण सर्वांत मोठा खर्च वाट पाहण्याचा होता.

७/ ऑगस्टीन सॅकेट या अमेरिकन संशोधकाचे पेटंट १८९४ चे. त्याच्या बोर्डात कागद आणि प्लास्टर यांचे पातळ थर एकावर एक रचलेले होते. जाडी पाव इंच, आकार साधारण तीन फूट चौरस. कडा उघड्याच असत, त्यामुळे हाताळताना चुरा पडे. आज आपण ज्याला जिप्सम बोर्ड म्हणतो त्याचा हा पूर्वज. पण त्याने स्वतः भिंत व्हावे अशी फारशी अपेक्षा नव्हती. लाकडी पट्ट्यांऐवजी हा बोर्ड ठोकावा आणि गिलावा त्यावर करावा, एवढेच त्याचे काम. म्हणजे लाकडी पट्ट्या गेल्या. गिलावा आणि पाणी तिथेच राहिले.

८/ १९०२ मध्ये अनेक छोट्या कंपन्या एकत्र येऊन युनायटेड स्टेट्स जिप्सम ही कंपनी उभी राहिली होती. तिने १९०९ मध्ये सॅकेटचा व्यवसाय विकत घेतला. मग १९१२ मध्ये क्लॅरेन्स उट्झमन याचे पेटंट आले: कागद बोर्डाच्या कडेवरून दुमडून घ्यायचा, म्हणजे कड बंद होते आणि चुरा पडत नाही. ऐकायला ही किरकोळ सुधारणा वाटते. परंतु बोर्डाची कड सरळ व धड राहिली तरच दोन बोर्ड एकमेकांना नीट भिडतात, आणि भिडले तरच त्यांवर गिलावा न करता भागते. माझ्या मते ड्रायवॉलचा खरा जन्म या दुमडलेल्या कडेत आहे. मधले कागद गेले, आत जिप्समचा एकसंध गाभा आला आणि १९१७ साली हा बोर्ड ‘शीटरॉक’ या नावाने बाजारात उतरला.

९/ उट्झमनचे पेटंट १९२९ मध्ये संपले, पण कंपनीकडे इतर पेटंटे होती. त्यांत गाभ्यात फेस मिसळून बोर्ड हलका करण्याची पद्धतही होती. या पेटंटांचे परवाने प्रतिस्पर्ध्यांना देताना बोर्ड कोणत्या भावाने विकायचा तेही कंपनी ठरवू लागली. सरकारने शेर्मन कायद्याखाली खटला भरला. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निर्णय फिरवला: साऱ्या उद्योगाला परवान्यांच्या दोरीत बांधून भाव ठरवणे हे पेटंटाच्या हक्कात बसत नाही. मक्तेदारीविरोधी कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला अभ्यासतात. एका कागदी कडेवरून सुरू झालेला वाद तिथवर गेला.

१०/ मात्र खटल्याच्या या धामधुमीवरून बोर्ड लगेच घरोघर पोचला असे समजू नये. सुरुवातीची कित्येक वर्षे लोकांना तो हलका, नकली, तात्पुरता माल वाटे. सांध्यांवर लाकडी पट्ट्या मारून फटी झाकाव्या लागत, त्यामुळे खोली खोक्यासारखी दिसे. खरी भिंत म्हणजे गिलाव्याची भिंत, हा समज पक्का होता. म्हणून १९३० नंतर मधला मार्ग निघाला. १६ इंच रुंद व ४८ इंच लांब असे लहान जिप्सम बोर्ड ठोकून त्यांवर गिलावा करत. १९३३-३४ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातील इमारतींत शीटरॉकचा सढळ वापर झाला. प्रदर्शनाच्या इमारती पाडण्यासाठीच बांधलेल्या असतात, हे मात्र लक्षात असू द्यावे.

११/ चित्र पालटले ते दुसऱ्या महायुद्धाने. माणसे आघाडीवर, कारागीर कमी, आणि छावण्या व कामगार-वसाहती तर तातडीने हव्यात. गिलावा वाळायची वाट पाहायला वेळ कोणाकडे होता? युद्ध संपल्यावर लाखो सैनिक परतले, आणि १९४४ च्या जी.आय. बिलाने त्यांना घरासाठी सरकारी हमीचे कर्ज मिळू लागले. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट आणि पुत्र यांनी १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांहून अधिक घरे बांधली. घर बांधण्याचे काम त्यांनी पंचवीस-तीस टप्प्यांत तोडले. प्रत्येक टोळी एकच टप्पा घरामागून घर करत जाई. ऐन भरात दिवसाला ३० पर्यंत घरे पुरी होत. अशा साखळीत दोन-तीन आठवडे वाळत बसणारा गिलावा बसूच शकत नव्हता. तिथे ड्रायवॉल आली, आणि ‘कोरडी’ या शब्दाचा अर्थ हाच: कामाच्या जागी पाणी नको. (या वसाहतीचे करार कृष्णवर्णीयांना घरे नाकारत होते. स्वस्त घराचे स्वप्न कोणासाठी होते, हे सांगितल्याशिवाय लेव्हिटटाउनचे कौतुक करू नये.)

१२/ गिलावा करणाऱ्या कारागिरांचे काय झाले? त्यांच्या संघटनेने विरोध केला. बोर्ड लावणे हे सुताराचे काम की गिलावेवाल्याचे, यावर संघटनांमध्ये भांडणे झाली. ओळंब्यात भिंत आणणारी, गोलाई आणि नक्षी हाताने काढणारी पिढी दहा-वीस वर्षांत बाजूला पडली. आपल्याकडे चुन्याची घाणी बंद पडली आणि सिमेंट आले, तेव्हाही असेच घडले. तरीही ‘कौशल्य संपले’ असे म्हणणे मला पुरते पटत नाही. त्याचा मोठा भाग कारखान्यात गेला. उरलेला बोर्डाच्या सांध्यात जाऊन बसला.

१३/ तो सांधा जरा जवळून पाहू. बोर्डाच्या लांब कडा मुद्दाम किंचित निमुळत्या करतात. दोन बोर्ड शेजारी आले की मध्ये उथळ पन्हळ तयार होते. त्या पन्हळीत सांध्याचा मसाला भरायचा, त्यात कागदी पट्टी दाबून बसवायची, वाळू द्यायची. मग दुसरा हात थोडा रुंद, वाळू द्यायचा. मग तिसरा त्याहून रुंद आणि पातळ. शेवटी घासून एकसारखे करायचे. लक्षात आले का? जुन्या गिलाव्याचे तीन थर इथे जसेच्या तसे आहेत. वाट पाहणेही आहे, कारण ओला मसाला वाळताना आकसतो आणि घाईने दिलेला पुढचा हात हमखास भेग देतो. साऱ्या भिंतीवरून हाकललेले पाणी दोन बोटे रुंदीच्या सांध्यात परत आले. भिंतीवर तिरका उजेड पाडा. कारागीर किती सबुरीचा होता ते तिथे दिसते.

१४/ सांध्याइतकाच छळ खिळ्यांनी केला. नव्या घरांत वर्ष-दीड वर्षाने भिंतीवर पुटकुळ्या दिसू लागत. रंग फोडून खिळ्यांची डोकी वर येत. दोष बोर्डाचा नव्हता, आतल्या लाकडाचा होता. घाईच्या बांधकामात अर्धओले लाकूड वापरले जाई. ते वाळताना आकसे, खिळा मात्र होता तिथेच राही, आणि बोर्ड व खांब यांच्यात फट पडे. त्यावर बोट दाबले की डोके बाहेर. म्हणून आज स्क्रू वापरतात, लाकूड वाळलेले घेतात किंवा सरळ पत्र्याची चौकट उभारतात. स्क्रूचे डोके कागदात किंचित बुडावे, पण कागद फाटू नये. कागद फाटला तर स्क्रूने धरायला उरतो तो फक्त ठिसूळ जिप्सम. बोर्डाची ताकद कागदात आहे, हे नवशिक्या माणसाला पटता पटत नाही.

१५/ आता त्या पाच लिटर पाण्याकडे परत येऊ. आग लागली की बोर्डाचा तापणारा पृष्ठभाग आपले स्फटिकजल सोडू लागतो. ते पाणी वाफ होऊन जाताना प्रचंड उष्णता खर्ची पडते. जोवर आत पाणी शिल्लक आहे, तोवर बोर्डाची मागची बाजू १०० अंशांच्या आसपासच घुटमळते, जरी समोर ज्वाला शेकडो अंशांच्या असल्या तरी. चौदाव्या लुईच्या अधिकाऱ्यांना अनुभवाने कळलेले, आणि लाव्हाझिएने तराजूत तोललेले, ते हेच पाणी. माणसांना जिन्याकडे धावायला जी मिनिटे मिळतात ती त्यातून मिळतात.

१६/ पण पाणी गेले की जिप्सम आकसतो, तडकतो आणि गळून पडतो. म्हणून आगरोधक बोर्डाच्या गाभ्यात काचेचे तंतू मिसळतात. पाणी गेल्यावरही ते गाभ्याला धरून ठेवतात. अमेरिकेत याला ‘टाइप एक्स’ म्हणतात. सुमारे १६ मिलिमीटर जाडीचा असा एकेक बोर्ड चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावला की भिंत प्रमाणित चाचणीत एक तास टिकते. इथे एक भ्रम दूर करायला हवा. तो तास एकट्या बोर्डाचा नसतो, अख्ख्या भिंतीचा असतो: चौकट, स्क्रूंमधले अंतर, सांधे, सगळ्याचा मिळून. उत्तम बोर्ड आणून त्यात वायरिंगसाठी वेडीवाकडी भोके पाडली आणि ती तशीच उघडी ठेवली, तर आगीला दारच करून दिल्यासारखे आहे.

१७/ आगीशी झुंजणारी वस्तू आघाताशी झुंजतेच असे नाही. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये जिने आणि लिफ्टच्या विहिरी विटांऐवजी जिप्सम बोर्डाने वेढलेल्या होत्या. वजन कमी, काम जलद, आगीच्या चाचणीत उत्तीर्ण. ११ सप्टेंबर २००१ रोजी विमानांच्या धडकेने ते वेढे फुटले. उत्तर मनोऱ्यात धडकेच्या वरच्या मजल्यांवरील माणसांसाठी तिन्ही जिने बंद झाले. पुढच्या चौकशीने याची नोंद घेतली, आणि अतिउंच इमारतींतील जिन्यांच्या भिंतींना आघातरोधक असण्याची अट संहितेत आली.

१८/ आणखी एक हिशेब कामगारांच्या फुप्फुसांचा. सांध्याच्या मसाल्यात कित्येक दशके ॲस्बेस्टॉस मिसळत, कारण त्याने मसाला घट्ट व भेगमुक्त राही. तो मसाला घासताना उडणारी धूळ श्वासात जाई. अमेरिकेत १९७७ मध्ये अशा मसाल्यांवर बंदी आली. त्याआधीच्या घराची भिंत फोडण्यापूर्वी तिथे आजही नमुना तपासून घेतात. गुळगुळीत भिंतीची किंमत कोणीतरी मोजली, आणि त्यांची नावे कुठल्याच भिंतीवर नाहीत.

१९/ आतले पाणी बोर्डाचा मित्र. बाहेरचे पाणी त्याचा काळ. जिप्समचा गाभा सच्छिद्र, वर कागदाचे आवरण. बोर्डाचे एक टोक पाण्यात बुडाले की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी वर चढते, आणि ओला कागद म्हणजे बुरशीला मेजवानी. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर हजारो घरांच्या आतल्या भिंती चौकटीपर्यंत उकलून रस्त्यावर टाकाव्या लागल्या. जुन्या घरांतल्या चुन्याच्या गिलाव्याच्या भिंती त्या मानाने सावरल्या, अनेकदा नुसत्या वाळून. ज्या गुणासाठी त्यांना बाजूला सारले, त्या सावकाश वाळण्यानेच त्यांना तारले म्हणायचे.

२०/ त्या पुनर्बांधणीत बोर्डाची टंचाई झाली आणि चीनमधून माल मागवला गेला. काही महिन्यांतच फ्लोरिडा, लुइझियाना भागांतील घरमालक सडक्या अंड्यांसारख्या वासाची तक्रार करू लागले. वातानुकूलन यंत्रांची तांब्याची वेटोळी काळी पडून निकामी होत, वायरी गंजत. काही बोर्डांमधून गंधकयुक्त वायू बाहेर पडत होते, आणि दमट, उष्ण हवेत हा प्रकार वाढत होता. बोर्ड काढून टाकणे एवढाच इलाज होता; बरीच घरे पुन्हा एकदा चौकटीपर्यंत उघडी झाली, काही तर पुरानंतर दुसऱ्यांदा. यातून २०१२ चा ड्रायवॉल सेफ्टी कायदा आला. त्यात बोर्डातील गंधकाला मर्यादा आणि बोर्डावर उत्पादकाची ओळख पटेल अशी खूण, या गोष्टींवर भर होता. बोर्डाच्या मागच्या बाजूचे छापील शिक्के वाचायची सवय आपणही लावून घ्यावी.

२१/ दमट आणि उष्ण हवा म्हटली की आपला कोकण आणि मुंबई आलीच, तेव्हा आता घराकडे वळू. भारतात जिप्समचा सर्वांत मोठा साठा राजस्थानात आहे. शिवाय औष्णिक वीजकेंद्रांच्या धुरातील गंधक चुनखडीने धुऊन काढताना कृत्रिम जिप्सम तयार होतो, तोही बोर्डासाठी चालतो. आपल्याकडे बोर्डासाठी आयएस २०९५ हे भारतीय मानक आहे. दुकानात बोर्ड रंगावरून ओळखता येतो: साधा पांढरट किंवा करडा, ओलावारोधक हिरवा, आगरोधक बहुधा गुलाबी. कुठल्या खोलीत कुठला, हे आता तुम्हीच सांगू शकाल. स्वयंपाकघरालगत आणि जिन्याशेजारी गुलाबी, न्हाणीघराच्या कोरड्या भागात हिरवा. मात्र हिरवा म्हणजे जलरोधक नव्हे. त्याच्या गाभ्यात मेण किंवा सिलिकोनसारखे पदार्थ असतात, म्हणून तो पाणी हळू पितो इतकेच. शॉवरखालच्या फरशीमागे तो लावू नये. तिथे सिमेंटचा बोर्ड किंवा सरळ वीटकाम बरे. अमेरिकनांनी हिरवा बोर्ड वर्षानुवर्षे फरशीमागे लावला, फरश्या गळून पडल्या, आणि मग त्यांच्या संहितेने त्या जागी तो वर्ज्य केला.

२२/ बसवताना काय पाहावे? १२.५ मिलिमीटरचा बोर्ड असेल तर चौकटीचे उभे चॅनेल ६०० मिलिमीटरपेक्षा दूर नसावेत. छतासाठी अंतर त्याहून कमी, कारण तिथे बोर्ड स्वतःच्या वजनाने लोंबतो. शेजारच्या रांगांचे सांधे एका रेषेत आणू नयेत. विटांसारखे चुकते ठेवावेत. भिंतीच्या दोन बाजूंचे सांधेही एकाच चॅनेलवर येऊ देऊ नयेत. दाराच्या कोपऱ्यातून सांधा काढू नये, भेग तिथूनच धावते. त्याऐवजी अख्ख्या बोर्डात दाराचा आकार कापावा. जड फडताळ किंवा टीव्ही टांगायचा असेल तर बोर्ड लावण्यापूर्वीच मागे प्लायवूडची पट्टी बसवून घ्यावी. बोर्ड साठवताना भिंतीला तिरके टेकवून ठेवू नयेत, वाकतात. आडवे, सपाट, जमिनीपासून वर ठेवावेत. आणि आपल्याकडचा खास नियम: बाहेरच्या भिंतीतून ओल येत असेल तर ती आधी थांबवावी. ओल झाकण्यासाठी बोर्ड लावणारे लोक मी पाहिले आहेत. दोन पावसाळ्यांत तोच बोर्ड मागून काळा होतो, आणि पुढून रंग मात्र टवटवीत दिसत राहतो.

२३/ शेवटची एक बारीक गोष्ट. जाणता कारागीर बोर्ड कधीच फरशीला टेकवत नाही. खाली सुमारे १० मिलिमीटरची फट सोडतो, त्यासाठी बोर्डाच्या तुकड्यांचे ठोकळे तात्पुरते सरकवतो आणि स्क्रू मारल्यावर काढून घेतो. लादी पुसताना सांडलेले पाणी त्या फटीमुळे बोर्डाच्या कडेपर्यंत पोचत नाही. नंतर त्यावर स्कर्टिंग लागते आणि फट कोणालाच दिसत नाही. घरी काम चालू असेल तर स्कर्टिंग लागण्याआधी खाली वाकून ती तेवढी पाहून घ्या.